वॉटर सॉफ्टनर बसवण्यापूर्वी घरातल्या पाण्याची तपासणी: ठाणे-नवी मुंबईतील सदनिकाधारकांसाठी

ठाणे आणि नवी मुंबईत वॉटर सॉफ्टनरची, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राची, चौकशी बहुधा बाथरूमपासून सुरू होते. शॉवरच्या काचेवर पांढरे डाग धरतात, नळाच्या जाळ्या बुजतात, गिझरची कॉइल अपेक्षेपेक्षा लवकर जाते आणि धुतलेले टॉवेल खरखरीत लागतात. मग विक्रेत्याचा माणूस येतो, पेल्यात टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटर बुडवतो, आलेला आकडा दाखवतो आणि यंत्राची किंमत सांगतो. या आकड्यावरून सॉफ्टनरचा निर्णय घेता येत नाही, आणि आपल्या भागात तर पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती आहे, हे मोजण्याआधी आपल्या नळाला कोणते पाणी कोणत्या दिवशी येते, याचा छडा लावावा लागतो. एकाच नळाला सोमवारी धरणाचे, गुरुवारी बोअरवेलचे आणि शनिवारी टँकरचे पाणी येणाऱ्या इमारती येथे कमी नाहीत.

आधी पाण्याचा उगम शोधावा

नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत प्रामुख्याने खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे पाणी येते. ते भोकरपाडा येथे शुद्ध होते. सिडकोच्या उलवे-द्रोणागिरी पट्ट्याला पेणकडील हेटवणे धरणाचा आधार आहे. ठाणे शहराला महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा योजना), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार वाटांनी पाणी मिळते, आणि त्याचे मूळ भातसा व उल्हास या नद्यांमध्ये आहे. हे सगळे पाणी पावसाचे, सह्याद्रीच्या बेसॉल्टवरून वाहत धरणात साठलेले असते. त्याला खडकात मुरून क्षार विरघळवायला फारसा अवधी मिळत नाही, म्हणून ते साधारणतः मऊच असते. केवळ पालिकेचे पाणी वापरणाऱ्या घरात नळावर जाड पांढरा थर बसत असेल, तर त्याचे कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बोअरवेलची गोष्ट वेगळी आहे. खडकाच्या भेगांमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर उतरतात. खाडीलगत भराव टाकून वसवलेल्या भागांत त्यात खारेपणाचीही भर पडू शकते, आणि या खारेपणावर सॉफ्टनरचा काहीही इलाज चालत नाही. घोडबंदर रस्त्यावरील अनेक गृहसंकुलांना टँकरचा आधार घ्यावा लागतो. टँकरचे पाणी पालिकेच्या भरणा केंद्रावरचे की एखाद्या विहिरीचे, हे टँकरगणिक बदलू शकते.

ही माहिती मिळवण्यासाठी सोसायटीच्या कार्यालयापेक्षा पंप चालवणाऱ्या वॉचमनकडे जावे, असा माझा सल्ला आहे. कमिटी सांगते ती व्यवस्था कागदावरची असते. कोणत्या वेळी कोणता व्हॉल्व्ह फिरवला जातो, हे त्यालाच ठाऊक असते. त्याला चार गोष्टी विचाराव्यात. पालिकेचे पाणी आणि बोअरचे पाणी जमिनीखालच्या एकाच टाकीत पडते का? गच्चीवर टाक्या किती, आणि फ्लशची टाकी वेगळी आहे का? शटडाउनच्या दिवशी काय करता? आणि बोअरचा पंप रोज चालतो की फक्त उन्हाळ्यात? टँकरची नोंदवही असल्यास मागील मे महिन्याची पाने चाळावीत. तळटाकीत दोन पाणी एकत्र पडत असतील, तर घरातला जडपणा हा निव्वळ मिश्रणाचा हिशेब असतो. उदाहरणार्थ, धरणाच्या पाण्याचा जडपणा प्रतिलिटर 50 मिलिग्रॅम आणि बोअरचा 500 धरला, तर 70 टक्के धरणाचे आणि 30 टक्के बोअरचे पाणी मिळून तो 185 होतो. ज्या दिवशी बोअर बंद, त्या दिवशी तो पुन्हा 50 वर येतो. एकाच नमुन्यावर विसंबून घेतलेले यंत्र म्हणूनच एक तर निष्कारण मोठे निघते किंवा उन्हाळ्यात तोकडे पडते.

नमुने कोठून आणि केव्हा घ्यावेत

किमान तीन नमुने हवेत: पालिकेची जोडणी तळटाकीत पडते तेथील, बोअरच्या पंपाजवळचा, आणि आपल्या घरातील नळाचा. टँकर येत असल्यास त्याचा चौथा घ्यावा. घरातला नमुना पाणी दोन-तीन मिनिटे वाहू दिल्यानंतर घ्यावा आणि तो आरओ किंवा अन्य फिल्टरच्या आधीच्या नळाचा असावा. अनेक जण नकळत फिल्टरचेच पाणी तपासायला देतात. नळाच्या तोंडाची जाळी काढून ठेवावी, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, काठोकाठ भरून बूच लावावे आणि त्यावर ठिकाण, तारीख व वेळ लिहावी. टाकी धुतल्याच्या दिवशीचा नमुना ग्राह्य धरू नये. शक्य असेल तर एप्रिल-मेमध्ये आणि पाऊस स्थिरावल्यावर, असे दोनदा मोजावे. हे जमण्यासारखे नसेल आणि एकच संधी असेल, तर उन्हाळा निवडावा, कारण यंत्राला सर्वांत अवघड काळ तोच आहे.

जडपणा मोजण्याची पद्धत

टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिच्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. त्यात जडपणाला जबाबदार असलेले कॅल्शियम-मॅग्नेशियम किती आणि साधे मीठ किती, हे त्याला कळत नाही. सॉफ्टनर तर या दोन धातूंना अडवून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. त्यामुळे यंत्र उत्तम चालत असतानाही टीडीएसचा आकडा जवळपास तेवढाच राहतो. टीडीएस कमी करून दाखवतो असे सांगून सॉफ्टनर विकणाऱ्याला यंत्राचे तत्त्वच समजलेले नाही, किंवा ते ग्राहकाला समजू नये अशी त्याची इच्छा आहे. पेल्यात विजेच्या दोन पट्ट्या बुडवून पाणी तपकिरी करून दाखवण्याचा खेळही असाच आहे. तो गाळ बहुतांशी त्या लोखंडी पट्टीतून सुटलेला असतो.

घरच्या घरी प्राथमिक अंदाज साबणाने येतो. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्याव्यात; एकीत नळाचे पाणी आणि दुसरीत बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर अर्ध्यापर्यंत भरावे, दोन्हींत साध्या साबणाचा सारखाच कीस टाकून जोरात हलवावे. डिटर्जंट किंवा शाम्पू वापरू नये, कारण ते जड पाण्यातही फेसाळतात. नळाच्या पाण्यावर फेसाऐवजी पांढरी साय धरली आणि पाणी गढुळले, तर जडपणा आहे. किती आहे, हे मात्र यावरून कळत नाही.

आकडा हवा असेल तर थेंबांचा हार्डनेस टेस्ट किट घ्यावा. त्यात एक छोटी मापनबाटली, बफर (पाण्याचा पीएच स्थिर ठेवणारे द्रावण), रंगसूचक आणि ईडीटीए या कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून ठेवणाऱ्या रसायनाचे द्रावण असते. बाटलीत खुणेपर्यंत पाणी घेऊन बफर आणि सूचक टाकले, की जड पाणी दारूसारखे तांबडे होते. मग ईडीटीए थेंबाथेंबाने सोडत, प्रत्येक थेंबानंतर बाटली गोल फिरवत राहावे. शेवटच्या टप्प्यात तांबड्यात जांभळट छटा येते, आणि नंतरच्या एखाद्या थेंबाला सगळे पाणी एकदम स्वच्छ निळे होते. ही मोजणी पिवळ्या दिव्याखाली करू नये, कारण जांभळा आणि निळा यांतला फरक तेथे दिसत नाही. खिडकीशी, बाटलीमागे पांढरा कागद धरून करावी. थेंबांच्या संख्येला किटवर दिलेल्या गुणकाने गुणले की प्रतिलिटर मिलिग्रॅममध्ये जडपणा मिळतो. परदेशी यंत्रांच्या माहितीपत्रकात तो ग्रेन्स प्रति गॅलनमध्ये असतो; 1 ग्रेन प्रति गॅलन म्हणजे प्रतिलिटर 17.1 मिलिग्रॅम.

भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा 200 मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास 600 मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा पिण्यासाठीची आहे, गिझरसाठीची नव्हे; थर साठण्याचा त्रास तिच्या आतही होऊ शकतो. माझ्या मते वर्षभर 100 च्या आत राहणाऱ्या पाण्याला सॉफ्टनरची गरज नाही. 100 ते 200 च्या दरम्यान तो सोयीचा प्रश्न आहे, आणि 200 च्या वर सातत्याने जात असेल तर खर्चाचा विचार करण्यात अर्थ आहे.

जडपणाखेरीज काय पाहावे

पांढरा थर चुन्याचाच आहे ना, हे व्हिनेगरने समजते. थराचा तुकडा खरवडून त्यावर व्हिनेगर टाकावे. बुडबुडे येऊन तो विरघळला तर कार्बोनेटचा थर आहे. नुसत्या पाण्यात विरघळला तर ते मीठ. दोन्हींत टिकून राहिला तर तो बहुधा सिलिका किंवा टाकीच्या प्लास्टरचा कण असतो, आणि सॉफ्टनरने तो थांबणार नाही.

लोहाकडे विशेष लक्ष द्यावे. बोअरचे पाणी उपसताना काचेसारखे स्वच्छ असते आणि बाटलीत रात्रभर ठेवल्यावर तळाशी तांबूस साका धरतो. हे विरघळलेले लोह सॉफ्टनरच्या रेझिनवर, म्हणजे जडपणा अडवणाऱ्या बारीक मण्यांवर, बसून त्याची क्षमता हळूहळू मारते. प्रतिलिटर 0.3 मिलिग्रॅमच्या वर लोह असेल तर आधी लोह काढणारा फिल्टर लागतो. याउलट, फक्त सकाळच्या पहिल्या बादलीत तांबडेपणा दिसून नंतर पाणी स्वच्छ होत असेल, तर दोष पाण्याचा नसून जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा आहे. तेथे प्लंबरला बोलवावे, सॉफ्टनरच्या विक्रेत्याला नव्हे.

क्लोराइड आणि टीडीएस प्रयोगशाळेतून मोजून घ्यावेत. खाडीकाठच्या बोअरमध्ये टीडीएस हजारांच्या घरात असेल, तर पाण्यातील सोडियमच रेझिनच्या कामात आडवे येते आणि काही जडपणा गळून पुढे जातो. असे पाणी आंघोळीसाठी सॉफ्टनरने सुधारण्याच्या भानगडीत पडू नये. ते फ्लशपुरते वेगळे करणे हाच सरळ मार्ग आहे. पावसाळ्यातील गढूळपणासाठी सॉफ्टनरच्या आधी साधा सेडिमेंट फिल्टर लावावा. पाण्यातील क्लोरीन जास्त असल्यास तेही काळाच्या ओघात रेझिन खराब करते, म्हणून तळटाकीत हाताने ब्लीचिंग पावडर टाकण्याची पद्धत असेल तर तीही विचारून घ्यावी.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त असावी. तपासणीत एकूण जडपणा, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी, पीएच, टीडीएस, क्लोराइड, लोह आणि गढूळपणा मागावेत. जंतूंची तपासणी करायची असल्यास तिची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी आणि ती थंड ठेवून शक्य तितक्या लवकर पोहोचवावी. जंतूंवर सॉफ्टनर काहीच करीत नाही.

घरात पाणी किती वाटांनी शिरते

यंत्रविक्रेत्यांच्या चित्रांमध्ये घराला एक मुख्य पाइप असतो आणि त्यावर सॉफ्टनर बसलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत असे नसते. गच्चीवरच्या टाकीतून निघालेल्या डाउनटेक लाइन वेगवेगळ्या डक्टमधून खाली येतात. मास्टर बाथरूमची वेगळी, दुसऱ्या बाथरूमची वेगळी, स्वयंपाकघराची आणखी वेगळी. दोन बेडरूमच्या सदनिकेत असे तीन-चार प्रवेश असतात, आणि एका जागी बसवलेला सॉफ्टनर फक्त त्या एका वाटेचे पाणी मऊ करतो.

हे तपासायला अर्धा तास पुरतो. एकेक व्हॉल्व्ह बंद करावा, घरातील नळ उघडून पाहावेत आणि कोणते कोरडे पडतात ते कागदावर लिहावे. गिझर, वॉशिंग मशीन, शॉवर, बेसिन, फ्लश आणि स्वयंपाकघरातील दोन्ही नळ, असे प्रत्येकाचे नाव लिहावे. बेसिनचा नळ एका लाइनवर आणि त्याच भिंतीतला फ्लश दुसऱ्या लाइनवर, असे निघाले तर ती आनंदाची गोष्ट आहे, कारण मऊ पाणी फ्लशमध्ये वाया जाणार नाही. गिझर आणि शॉवर ज्या लाइनवर आहेत, तिचे पाणी मऊ करणे हे बहुतेक घरांत पुरेसे असते. नळ बंद असतानाही टाकीचे पाणी कोठे गळते आहे का, तेही याच वेळी पाहावे. गळक्या फ्लशच्या लाइनवर सॉफ्टनर म्हणजे यंत्राला लागणारे मीठ गटारात ओतणे.

दाब आणि प्रवाह

सॉफ्टनर चुकीचा ठरण्याचे प्रमुख कारण येथे दाब हेच असते. बहुतेक यंत्रांना दीड ते दोन बार दाब लागतो. पाण्याची 10 मीटर उंची म्हणजे सुमारे 1 बार. सात मजली इमारतीत टाकीचा तळ शेवटच्या मजल्यावरील शॉवरपेक्षा जेमतेम चार-पाच मीटर उंच असतो, म्हणजे तेथे अर्धा बारसुद्धा दाब नसतो. यंत्र बसले की शॉवरची धार सुतळीएवढी होते. पहिल्या मजल्यावर तोच दाब दोन बारच्या पुढे जातो. उंच टॉवरमध्ये उलट अडचण असते आणि तेथे मजल्यांच्या गटागटाला प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह बसवलेले असतात.

अंदाजावर न राहता वॉशिंग मशीनच्या नळाला दाब दाखवणारा प्रेशर गेज अडाप्टरने जोडावा. एकदा सगळे नळ बंद ठेवून आणि एकदा शॉवर पूर्ण उघडून वाचन घ्यावे. सकाळी सात ते आठच्या दरम्यान, म्हणजे अख्खी इमारत आंघोळीला बसलेली असताना आलेला आकडाच खरा मानावा. प्रवाहासाठी 10 लिटरची बादली आणि मोबाइलचे घड्याळ पुरते. बादली 40 सेकंदांत भरली तर प्रवाह मिनिटाला 15 लिटर आहे.

दाब कमी असल्यास विक्रेता प्रेशर पंप सुचवतो. सामायिक डाउनटेक लाइनवर एका घराचा पंप थेट लावला, तर तो खालच्या-वरच्या शेजाऱ्यांचे पाणी ओढतो. भांडणाचे हे हमखास कारण असते. सोसायटीची लेखी परवानगी घेऊन, शक्यतो घरातील छोट्या टाकीतून पाणी उचलण्याची व्यवस्था करावी. पालिकेच्या लाइनवर थेट पंप लावण्यास तर मनाईच आहे.

यंत्राचा आकार ठरवणे

माणशी दररोज 135 लिटर हे नियोजनातले प्रचलित प्रमाण धरले, तर चौघांच्या कुटुंबाला 540 लिटर पाणी लागते. जडपणा 300 असेल तर रोज 540 × 0.3 = 162 ग्रॅम जडपणा काढावा लागेल. एक लिटर रेझिन एका भारात, म्हणजे दोन पुनर्भरणांच्या दरम्यान, साधारण 50 ग्रॅम काढते असे धरल्यास, 25 लिटर रेझिनचे यंत्र 1250 ग्रॅम, म्हणजे साडेसात दिवस चालते. त्यानंतर रेझिनच्या पुनर्भरणासाठी, म्हणजे त्यात पुन्हा सोडियम भरण्यासाठी, मिठाचे पाणी फिरवावे लागते. त्याला लिटरमागे 120 ते 150 ग्रॅम, म्हणजे तीन-पावणेचार किलो मीठ आणि शंभर लिटरांहून अधिक पाणी लागते. हाच हिशेब आपल्या कागदावर उन्हाळ्यातील जडपणाने करावा आणि विक्रेत्याकडून रेझिनचे लिटर, एका भारातील मीठ आणि पुनर्भरणाचे पाणी हे तीन आकडे लेखी मागावेत. फक्त बाथरूमच्या लाइनवर यंत्र बसणार असेल तर वापराचा आकडा त्या प्रमाणात कमी धरावा.

स्वयंपाकघर, जागा आणि सांडपाणी

जडपणा 300 वरून शून्याजवळ आणताना प्रत्येक लिटरमध्ये सुमारे 138 मिलिग्रॅम सोडियम वाढते. घरात रक्तदाबाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण असतील, तर पिण्याची आणि स्वयंपाकाची लाइन सॉफ्टनरच्या बाहेर ठेवावी किंवा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कुंड्यांनाही हे पाणी घालू नये.

यंत्र, मिठाची टाकी आणि त्यांतील पाणी मिळून वजन शंभर किलोच्या आसपास किंवा अधिक होते. ड्राय बाल्कनीच्या कोपऱ्यात ते ठेवण्यापूर्वी खालच्या लाद्या आणि वॉटरप्रूफिंग पाहावे. सॉफ्टनरला वळसा घालणारी बायपास लाइन आणि तिचे तीन बॉल व्हॉल्व्ह कामाच्या यादीत लिहून घ्यावेत, नाहीतर यंत्र बिघडले की बाथरूमच बंद पडते. पुनर्भरणाचे खारे पाणी नहाणी ट्रॅपमध्ये जावे, आणि नळी ट्रॅपच्या पाण्यात बुडवलेली नसून वर हवेत सुटलेली असावी. बाल्कनीचा निचरा अनेक इमारतींत पावसाच्या पाण्याच्या पाइपात आणि तेथून पावसाचे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात किंवा बागेत जातो. तेथे हे मिठाचे पाणी सोडू नये. सोसायटीत सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प असल्यास, परवानगीच्या अर्जात यंत्राची क्षमता आणि आठवड्याला सुटणाऱ्या खाऱ्या पाण्याचे लिटर नमूद करावेत. अनेक सदनिकांचे अर्ज एकाच वेळी आले, तर कमिटीने बोअरची लाइन तळटाकीपासून तोडून फ्लशच्या टाकीकडे नेण्याचा खर्च आधी काढून घ्यावा. वेगळी फ्लश लाइन आधीच असलेल्या इमारतीत तो चार घरांच्या सॉफ्टनरहून कमी निघण्याची शक्यता बरीच असते.